परदेशी सैन्यात भरती होऊन तिथले नागरिकत्व मिळते का? भाच्यासाठी आणि पुतण्यासाठी विचारतो आहे

प्रश्न: पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी.

मी कोल्हापूर शहरात राहतो आणि आमचे मूळ गाव शिरोळ तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे नाव इथल्या बहुतेकांनी ऐकले असेल. त्या गावात सैन्याशी संबंध नसलेले घर शोधावे लागते. आमचे गाव तितके नावाजलेले नाही, तरी माझे आजोबा आणि दोन चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यामुळे 'फौजेत जातो' एवढे म्हटल्याने आमच्या घरात कोणी दचकत नाही. या वेळी मात्र सगळेच दचकले आहेत, कारण ज्या फौजेची गोष्ट चालली आहे ती आपली नव्हे.

माझा भाचा २७ वर्षांचा असून टेक्सासमध्ये एमएस करून आता नोकरी करतो. शिक्षणानंतर काम करण्याची जी तीन वर्षांची सवलत त्याला मिळाली होती ती संपायला आठ महिने उरले आहेत, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत त्याचे नाव दोन्ही वेळा आले नाही. त्याच्या एका मित्राने त्याला सांगितले की अमेरिकेच्या सैन्यात परदेशी मुलांना घेतात आणि काही महिन्यांत नागरिकत्व देतात. माझ्या थोरल्या बहिणीचा तो एकुलता एक मुलगा आहे, तीन एकर ऊस त्याच्याच नावावर व्हायचा आहे, आणि तरीही ती म्हणते की परत येऊन बेकार बसण्यापेक्षा वर्दी घातलेली बरी.

दुसरा माझा पुतण्या. वय २४. तीन वर्षे भरतीच्या अ‍ॅकॅडमीत काढली, शिवाजी विद्यापीठाच्या मैदानावरच्या भरतीत धावण्यात पास झाला आणि मेडिकलला अडकला, आणि आता अग्निवीरचे वय उलटून गेले. ओळखीतून आलेला एक एजंट त्याला रशियात सैन्याच्या मागच्या फळीत 'हेल्पर'चे काम, महिना दोन लाख रुपये आणि वर्षाने रशियन पासपोर्ट देण्याचे सांगतो आहे. त्यासाठी आधी तीन लाख भरायचे आहेत.

दोघांचे प्रकरण एक नाही हे मला कळते. पण घरात दोन्ही गोष्टी एकाच वेळी आणि एकाच शब्दांत बोलल्या जात आहेत, म्हणून दोन्ही इथे मांडतो. सैन्यात सेवा केल्यावर नागरिकत्व हक्काने मिळते की ती मेहेरबानी असते, ते मिळाल्यावर इथल्या नागरिकत्वाचे आणि जमिनीचे काय होते, आणि परतीची वाट किती उरते, हे ज्यांना अनुभवाने किंवा अभ्यासाने माहीत असेल त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर: टेक्सासकर

मी मूळचा राजारामपुरीचा. अमेरिकन सैन्याच्या राखीव दलात सहा वर्षे होतो आणि मला नागरिकत्व सैन्यामुळेच मिळाले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की आपला भाचा आज ज्या व्हिसावर आहे त्या व्हिसावर त्याला तिथे भरती होता येणार नाही. यात दोन कायदे आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात, बहुधा त्याच्या मित्रानेही तेच केले आहे. भरती कोणाची करावी हे सांगणारा कायदा वेगळा आहे. त्यानुसार अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि मायक्रोनेशिया, मार्शल बेटे व पलाऊ या तीन छोट्या देशांचे नागरिक एवढ्यांनाच घेता येते, आणि इतर कोणाला घ्यायचे असेल तर ती व्यक्ती राष्ट्रहितासाठी अत्यावश्यक असल्याचे ठरावे लागते. नागरिकत्व कोणाला द्यावे हे सांगणारा कायदा दुसरा. त्याच्या कलम ३२८ नुसार शांततेच्या काळात एक वर्ष सन्मानाने सेवा केलेल्या ग्रीन कार्डधारकाला, आणि कलम ३२९ नुसार घोषित संघर्षाच्या काळात सेवा करणाऱ्याला, पाच वर्षे वास्तव्याची नेहमीची अट न लावता अर्ज करता येतो. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ संघर्षाचा मानावा असा आदेश राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जुलै २००२ मध्ये काढला आणि तो अजून मागे घेतलेला नाही. हे दुसरे कलम वाचले की ग्रीन कार्डाचीही गरज नाही असे वाटते, आणि अमेरिकेच्या भूमीवर भरती झालेल्याच्या बाबतीत ते कागदोपत्री खरेही आहे. पण भरतीचे दारच ग्रीन कार्डाशिवाय उघडत नसेल तर पुढच्या खोलीतल्या सोयींचा उपयोग काय?

ते दार एकदा उघडले होते, आणि आपल्या भाच्याच्या मित्राने ऐकलेली कथा तिथून आली असावी. २००८ च्या अखेरीस 'मावनी' नावाची योजना जाहीर झाली. तीत ग्रीन कार्ड नसलेल्या, पण विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना आणि काही ठरावीक भाषा येणाऱ्यांना घेतले जाई. त्या भाषांत हिंदीही होती. या मार्गाने दहा हजारांहून अधिक लोक सैन्यात गेले, त्यांत भारतीय विद्यार्थी पुष्कळ होते, आणि त्यांतल्या अनेकांनी प्रशिक्षण संपता संपता नागरिकत्वाची शपथ घेतली. २०१६ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून पडताळणी इतकी वाढवली की योजना थिजली, आणि ती पुन्हा सुरू झालेली नाही. ज्यांनी करारावर सह्या केल्या होत्या पण प्रशिक्षणाला बोलावणे आले नव्हते अशी हजारो मुले मधल्या मध्ये लटकली. वाट पाहता पाहता कित्येकांच्या व्हिसाची मुदत संपली आणि प्रकरणे न्यायालयात गेली. त्यामुळे आज कोणी 'व्हिसावर भरती होते' असे सांगत असेल तर तो दहा वर्षांपूर्वीची बातमी सांगतो आहे.

माझ्या बाबतीत पत्नीमुळे ग्रीन कार्ड आधीच हातात होते. २०१३ मध्ये मी अ‍ॅस्व्हॅब नावाची लेखी परीक्षा दिली आणि साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला दहा आठवड्यांच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी गेलो. तिथेच कागद भरले गेले, बोटांचे ठसे झाले, नागरिकत्व खात्याचा अधिकारी मुलाखतीला तिथेच आला आणि दीक्षान्त संचलनाच्या आदल्या दिवशी शपथ झाली. या अर्जाला सैनिकांना शुल्क पडत नाही. माझ्यानंतर नियम बदलले: ऑक्टोबर २०१७ मध्ये संरक्षण खात्याने ठरवले की किमान १८० दिवस सेवा झाल्याशिवाय 'सन्मानाने सेवा केली' असा दाखला द्यायचा नाही, आणि २०२० मध्ये न्यायालयाने ही अट बेकायदा ठरवून रद्द केली. सांगायचा मुद्दा हा की हे दाखल्याचे प्रकरण सरकारागणिक हलते. आज ऐकलेला कालावधी आपला नंबर लागेपर्यंत तोच राहील असे धरून चालू नये.

आणखी तीन गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही. एक, नागरिक होईपर्यंत गुप्ततेचा परवाना मिळत नाही, त्यामुळे संगणक किंवा हेरखात्याशी संबंधित चांगली कामे बंद असतात आणि अधिकारीही होता येत नाही. मी अभियंता असून भांडारात सामान मोजत होतो. दोन, सन्मानाने केलेली सेवा पाच वर्षांची होण्याआधी तुम्हाला गैरवर्तनामुळे बडतर्फीसारख्या शेऱ्यासह बाहेर काढले तर मिळालेले नागरिकत्व काढून घेता येते. तीन, नागरिकत्व आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. युद्धावर जाऊन आलेले, अर्ज करायचा राहून गेलेले आणि पुढे एखाद्या गुन्ह्यात सापडून देशाबाहेर घालवले गेलेले माजी सैनिक आहेत. मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावांत त्यांची वस्ती आहे.

भाच्याने एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. भरती कार्यालयातला माणूस, ज्याला तिथे रिक्रूटर म्हणतात, त्याच्यावरही दरमहा माणसे मिळवण्याचा ताण असतो. कोणत्याही कागदावर 'मी अमेरिकी नागरिक आहे' या चौकटीत चुकूनही खूण करू नये. नागरिकत्वाचा खोटा दावा केल्याचा शिक्का बसला की त्या देशाचे दार जवळपास कायमचे बंद होते.

उत्तर: सनद

मी कोल्हापुरात दिवाणी आणि महसुली कामे पाहतो. टेक्सासकर यांनी तिकडची बाजू नीट मांडली आहे, म्हणून मी फक्त इकडची मांडतो.

भारताच्या नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे जो भारतीय नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. त्यासाठी त्याने काही लिहून द्यावे लागत नाही आणि सरकारनेही काही हुकूम काढावा लागत नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून तसा दाखला घ्यायचा असतो, आणि त्या पासपोर्टावर पुन्हा प्रवास केला तर दंड आणि खटला दोन्हींची तरतूद आहे. दोन्ही पासपोर्ट पेटीत ठेवून गरजेप्रमाणे काढायचे, असा सल्ला देणारी माणसे आपल्याकडे लग्नकार्यात भेटतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही ती. परदेशी नागरिकत्व घेतलेला सर्वसाधारण मराठी माणूस पाठोपाठ भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांसाठीचे ओसीआय कार्ड काढतो आणि मग आयुष्यभर व्हिसाशिवाय येतो-जातो, इथे घर घेतो, मुलांना शिकवतो. त्यामुळे 'नागरिकत्व गेले तरी काही बिघडत नाही' अशी आपली समजूत झाली आहे. परंतु ओसीआयविषयीच्या भारत सरकारच्या सूचनांत स्पष्ट लिहिले आहे की परदेशी लष्करातील व्यक्ती, मग ती सेवेत असो वा निवृत्त, ओसीआयला पात्र नाही. म्हणजे आपला भाचा संगणकाची नोकरी करून दहा-पंधरा वर्षांनी अमेरिकन झाला तर त्याला हे कार्ड मिळेल, आणि सैन्यात जाऊन वर्षभरात अमेरिकन झाला तर मिळणार नाही. 'निवृत्त' हा शब्द तिथे मुद्दाम आहे. चार वर्षे सेवा करून तो बाहेर पडला, पुढची चाळीस वर्षे त्याने बँकेत काढली, तरी तो शब्द त्याला लागू राहतो. आईच्या आजारपणात यायचे असो की गावच्या जत्रेला, त्याला दर वेळी व्हिसा काढूनच यावे लागेल, आणि त्या अर्जात लष्करी सेवेचा रकाना असतो.

जमिनीबद्दल आपल्या भगिनींना घाबरण्याचे कारण नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ च्या कलम ६ मधील पोटकलम ५ प्रमाणे भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने आलेली स्थावर मालमत्ता परदेशात राहणारी व्यक्ती धारण करू शकते, त्यामुळे आईच्या पश्चात वारसनोंद होऊन तीन एकरांच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव लागू शकेल. त्याला नव्याने शेतजमीन मात्र विकत घेता येणार नाही. ती बंदी ओसीआयधारकालाही आहे. फरक पडतो तो घर किंवा फ्लॅट घेण्यात. ती मुभा ओसीआयधारकाला आहे, आणि याला ते कार्डच मिळणार नाही. बहिणीला मृत्युपत्र करायचे असेल तर ते आत्ता करून नोंदवून ठेवणे चांगले, पण तो सल्ला मी सैन्यात न जाणाऱ्या मुलांच्या आयांनाही देतो.

उत्तर: टेक्सासकर

सनद साहेब, नियम आपण म्हणता तोच आहे, पण माझ्या तुकडीतल्या एका तेलुगू मित्राकडे ओसीआय कार्ड आहे. माझा अर्ज फेटाळला गेला, कारण मी सेवेची माहिती लिहिली होती. व्यवहारात दोन्ही प्रकार दिसतात.

उत्तर: सनद

दिसत असतील. माहिती दडवून मिळवलेली ओसीआय नोंदणी कलम ७-डी खाली रद्द होऊ शकते, आणि ती रद्द होण्याचा दिवस आपण निवडत नसतो. एखाद्याला वीस वर्षे कोणी विचारले नाही यावरून त्याला अधिकार होता असे सिद्ध होत नाही. इथे विचारणारे आपल्या भाच्यासाठी विचारत आहेत, म्हणून मी नियमाबाहेरचे काही लिहिणार नाही.

प्रश्नकर्ता: पंचगंगाकाठ

आपणा दोघांचा आभारी आहे. ओसीआयची गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. मी बहिणीला ती फोनवर सांगितली तेव्हा तिने एवढेच विचारले की म्हणजे हा पाहुण्यासारखा परवानगी काढून घरी येणार का.

पुतण्याच्या बाबतीत अजून कोणी काही लिहिले नाही. एजंटाने त्याचा पासपोर्ट 'व्हिसाच्या कामासाठी' ठेवून घेतला आहे हे मला काल कळले. फ्रान्सच्या एका पलटणीत जगभरातली मुले घेतात असेही त्याने कुठेतरी पाहिले आहे.

उत्तर: सुभेदार (निवृत्त)

मी २६ वर्षे नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता टेंबलाईवाडीला राहतो. आपल्या पुतण्याबद्दल वाचून राहवले नाही.

रशियाचे आधी. 'हेल्पर', 'सुरक्षारक्षक', 'मागच्या फळीतले काम' हे शब्द नवे नाहीत. याच शब्दांवर आपल्या देशातली मुले युक्रेनच्या आघाडीवर पोहोचली आहेत. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशा एजंटांच्या जाळ्यावर गुन्हा नोंदवून दिल्ली, मुंबईसह अनेक ठिकाणी छापे घातले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जी माहिती दिली तीनुसार तोवर रशियन सैन्यात गेलेल्या भारतीयांची १२६ प्रकरणे समोर आली होती. त्यांतले ९६ जण परत आले, १२ जण मारले गेले आणि १६ जणांचा ठावठिकाणा लागत नव्हता. ज्या मुलांनी सह्या केल्या त्यांतल्या अनेकांपुढे करार रशियन भाषेत होता. आपल्या फौजेत रंगरूट भरती झाला की त्याला कितीतरी महिने शिकवून मगच पलटणीत पाठवतात. या मुलांना मोजके दिवस बंदूक दाखवून पुढे धाडले गेले.

नागरिकत्वाचे आमिष खोटे आहे असे मी म्हणत नाही, आणि म्हणूनच ते जास्त वाईट. जानेवारी २०२४ मध्ये रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला आहे की या लढाईच्या काळात किमान एक वर्षाच्या करारावर सही करणाऱ्या परदेशी माणसाला आणि त्याच्या बायको, मुले, आईवडिलांना सोप्या पद्धतीने नागरिकत्व मिळेल. एजंट हाच कागद दाखवतो. त्या कागदावर 'हेल्पर' हा शब्द कुठेही नाही. तो करार लढणाऱ्या शिपायाचा आहे. मागच्या फळीत स्वयंपाक करणाऱ्याला एखादा देश वर्षभरात पासपोर्ट का देईल, हा प्रश्न पुतण्याला विचारावा आणि त्याचे उत्तर त्यालाच देऊ द्यावे.

पासपोर्टाचे म्हणाल तर पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. कोणा खासगी माणसाला तो अडकवून ठेवता येत नाही. परदेशात नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते आणि नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आज संध्याकाळपर्यंत पासपोर्ट परत मागावा, तो 'उद्या देतो' म्हणाला तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. यात नात्याची भीड बाळगू नये.

फ्रान्सची पलटण म्हणजे फॉरिन लीजन. ती खरी आहे, जुनी आहे, १८३१ पासूनची आहे, आणि तिथे एजंटाला एक पैसाही द्यावा लागत नाही. परंतु भरती फक्त फ्रान्सच्या भूमीवर होते; आपल्या खर्चाने आणि आपल्या व्हिसावर तिथे जाऊन दारात उभे राहावे लागते, आणि निवड झाली नाही तर आपल्याच खर्चाने परत यावे लागते. भारतातून भरती करून देतो म्हणणारा तिथेच खोटा ठरतो. पहिला करार पाच वर्षांचा, तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि लढाईत जखमी झालेल्याला 'सांडलेल्या रक्ताने फ्रेंच' म्हणून ते मागता येते, असा १९९९ चा कायदा आहे. मेडिकलला इथे नापास झालेला मुलगा तिथे पास होईल असे मानायला आधार नाही.

ब्रिटनचेही कोणीतरी काढेल म्हणून सांगतो. राष्ट्रकुल देशांचे नागरिक म्हणून आपल्या मुलांना तिथे अर्ज करता येतो, आणि त्या देशात आधी पाच वर्षे राहिलेले असावे ही अट २०१८ मध्ये काढली गेली. जागा फार थोड्या असतात. तिथेही शिपायाला थेट नागरिकत्व मिळत नाही, चार वर्षे सेवा झाल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. गुरख्यांना हा वास्तव्याचा हक्क मिळवायला २००९ पर्यंत भांडावे लागले, आणि ते १८१५ पासून इंग्रजांच्या बाजूने लढत होते.

आणि आपल्या फौजेचेही सांगायला हवे. माझ्या शेजारच्या पलटणीत नेपाळचे गुरखे होते. अग्निवीर योजनेआधी भरती झालेला नेपाळचा नागरिक आपल्याकडे पूर्ण नोकरी करतो, पेन्शन घेतो, परमवीरचक्रही मिळवू शकतो, पण त्यामुळे तो भारताचा नागरिक होत नाही आणि बहुतेकांना व्हायचेही नसते. पेन्शन घेऊन ते आपल्या डोंगरात परत जातात. मला त्यांचे त्यात कधी काही अडलेले दिसले नाही.

उत्तर: सनद

सुभेदार साहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला एक कायदेशीर पुस्ती जोडतो. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत परदेशी माणसाला नागरिकत्व देण्याच्या अटी आहेत: अर्जाआधीचे सलग बारा महिने आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षे. त्या अटी 'भारतात वास्तव्य किंवा भारतातील शासनाची सेवा' अशा शब्दांत लिहिल्या आहेत. म्हणजे आपल्याकडे सेवेला वास्तव्याइतकीच किंमत आहे, जास्त नाही. अमेरिकेने सेवेला वास्तव्यापेक्षा वरचा भाव दिला, म्हणून तिथे वर्षाचे काम महिन्यांत होते.

उत्तर: जुनी कात्रणे

अमेरिकेने तो भाव नेहमीच दिला असे नाही, आणि या बाबतीत आपल्याच देशातल्या एका माणसाची हकिकत सांगण्यासारखी आहे. १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन मध्यावर, सन्मानाने सेवामुक्त झालेल्या परदेशी सैनिकाला एका वर्षाच्या वास्तव्यावर नागरिकत्व देण्याचा कायदा तिथे झाला. मूळ तिथपासून आहे. अमृतसर जिल्ह्यातले भगतसिंग थिंड १९१३ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले आणि पहिल्या महायुद्धात, जुलै १९१८ मध्ये, अमेरिकन सैन्यात भरती झाले. पगडी बांधून सैन्यात सेवा केली, हंगामी सार्जंटच्या पदापर्यंत गेले. डिसेंबर १९१८ मध्ये अंगावर गणवेश असतानाच त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत काढून घेतले गेले, कारण त्या काळच्या कायद्यात नागरिकत्व 'गोऱ्या' माणसालाच, किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला, मिळू शकत होते. १९२० मध्ये ऑरेगनच्या न्यायालयाने त्यांना ते पुन्हा दिले. सरकार अपिलात गेले, आणि १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की थिंड गोरे नाहीत. त्या निकालाच्या आधारे आधीच नागरिक झालेल्या इतर अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढले गेले. पुढे १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी वंशाची अट काढणारा कायदा झाला आणि १९३६ मध्ये थिंड तिसऱ्यांदा नागरिक झाले, ते मात्र कायमचे. म्हणजे गणवेश घातल्यापासून अठरा वर्षे लागली, आणि शेवटी ज्या कारणाने ते मिळाले ते कारण १९१८ मध्येही होतेच.

दुसरे उदाहरण आपल्या गावचे आहे. आज जिथे गांधीनगरची कापडाची बाजारपेठ आहे, त्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांची आठवण म्हणून महावीर उद्यानात स्तंभ आहे. त्यांत बहुतांश बायका-मुले होती, आणि त्यांच्या घरचे अनेक पुरुष जनरल आंडर्स यांच्या पोलिश फौजेत ब्रिटिशांच्या हाताखाली लढत होते. ती फौज इटलीत माँते कासिनोला लढली, आणि त्याच इटलीत त्याच वर्षी आपले मराठे लढत होते. यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथल्याच जुलै १९४४ मधल्या लढाईसाठी, मरणोत्तर. युद्ध संपल्यावर पोलंड रशियाच्या पंज्यात गेला आणि या लोकांना परतायला देश उरला नाही, तेव्हा ब्रिटनने १९४७ मध्ये कायदा करून आपल्या हाताखाली लढलेल्या पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना देशात स्थायिक होऊ दिले. पंचगंगेच्या काठी शाळा शिकलेली कितीतरी मुले वडिलांच्या वा भावाच्या सेवेमुळे पुढे इंग्लंडची झाली. पण त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता. त्यांना सोडायला काही शिल्लक नव्हते. आपल्या भाच्याला तीन एकर ऊस आणि आई आहे.

प्रश्नकर्ता: पंचगंगाकाठ

दहा दिवसांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

भाच्याला हा सगळा मजकूर वाचायला पाठवला. तो आधी चिडला, कारण रिक्रूटरशी त्याची दोनदा बोलणी झाली होती आणि त्याने 'काहीतरी मार्ग निघेल' असे सांगितले होते. मग त्याने स्वतः लेखी विचारणा केली तेव्हा एका ओळीचे उत्तर आले की ग्रीन कार्ड आल्यावर संपर्क साधावा. आता तो सोडतीत तिसऱ्यांदा नाव घालणार आहे, आणि नाही लागले तर त्याची कंपनी त्याला पुण्याच्या कार्यालयात घ्यायला तयार आहे असे म्हणतो. बहिणीला ते पटलेले नाही. तिच्या मते परत येणे म्हणजे हरून येणे, आणि यावर आमचे एकमत होईल असे वाटत नाही.

पुतण्याचा एजंट 'उद्या देतो' असेच म्हणाला. आम्ही तक्रारीचा अर्ज लिहून त्याला फोटो पाठवला, तेव्हा त्याच रात्री पासपोर्ट घरी आला. आगाऊ दिलेले वीस हजार रुपये आले नाहीत, त्यामुळे तक्रार तरीही दिली आहे. पोरगा मात्र गप्प आहे. सकाळी पाच वाजता उठून धावायला जातो, कशासाठी ते सांगत नाही.

सुभेदार साहेब, टेरिटोरियल आर्मीत जवानांसाठी वयाची अट सैल असते असे कोणीतरी म्हणाले. ते खरे आहे का, आणि आधी मेडिकलला नापास झालेल्याला तिथे पुन्हा बसता येते का?

उत्तर: सुभेदार (निवृत्त)

वयाचे खरे आहे. जवानांसाठी ती मर्यादा १८ ते ४२ वर्षे आहे, आणि आपल्या कोल्हापुरातच मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी टी. ए. बटालियन आहे. ती बारमाही नोकरी नव्हे, हे त्याला आधीच नीट समजावून सांगावे. बोलावणे येईल तेव्हा जायचे आणि एरवी आपला धंदा-नोकरी सांभाळायची, असा तो प्रकार आहे. मेडिकलचे उत्तर तो कशात नापास झाला होता यावर अवलंबून राहील. तेव्हाची मेडिकलची चिठ्ठी त्याच्याकडे असेल तर ती घेऊन रविवारी सकाळी त्याला माझ्याकडे पाठवा. पत्ता आपल्याला व्यक्तिगत निरोपात कळवतो. धावून झाल्यावर आला तरी चालेल.